चिकाची वाटी आणि कॉस्टिंगची वही



आपण नेहमी इथे मार्जिन, पॅकिंग, ग्राहक, उधारी यांवर बोलतो. आज मात्र मी तुम्हाला आमच्या घराच्या गच्चीवर घेऊन जाणार आहे. कारण आमच्या घरगुती व्यवसायात एक चूक झाली. ती माझ्याकडूनच झाली, आणि गंमत म्हणजे मी तुम्हाला जे शिकवतो तेच करताना झाली.

आमच्या घरून उन्हाळी वाळवणाचा छोटा व्यवसाय चालतो. आई आणि सौ. दोघी मिळून गव्हाच्या कुरडया करतात. लेबल मी तयार केलं, "आईच्या हातची कुरडई". ऑर्डर घेणं, हिशोब ठेवणं माझ्याकडे. मागच्या सीझनला ४० किलोंची ऑर्डर होती. शेवटचे आठ-दहा किलो बाकी होते आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. ज्यांनी वाळवण केलंय त्यांना माहीत आहे, अशा वेळी घरातल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला असतो.

सकाळी सातची वेळ. पातेल्यात चीक शिजत होता. माझी नऊ वर्षांची लेक डोळे चोळत, हातात वाटी घेऊन गच्चीवर आली आणि म्हणाली, "आजी, मला चीक देशील? दूध-साखर घालून?"

आजीने पळी उचलली होती. तेवढ्यात मी म्हणालो, "आज नको बाळा, हा ऑर्डरचा आहे."

लेक काही बोलली नाही. वाटी तिथेच कठड्यावर ठेवून खाली गेली. आईनेही पळी पातेल्यात परत ठेवली. माल वेळेत गेला, पैसे आले. पण रात्री जेवणं झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुला लहानपणी मी कधी नाही म्हटलं होतं का रे?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या लहानपणीचा चीक

माझं बालपण कराडला गेलं. परीक्षा संपली की आमच्या आळीत वाळवणाचा मोसम सुरू व्हायचा. कुरडईचं काम एका दिवसाचं नसतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटायचे, पाण्यात कालवून पिळायचे, गाळायचे. चोथा बाजूला, पांढरं दुधासारखं पाणी पातेल्यात. ते रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरची निवळ हळूच ओतून टाकली की तळाशी घट्ट चीक बसलेला असायचा.

मग खरी कसोटी. आधणात मीठ, हिंग, पापडखार. एकीने चिकाची धार सोडायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने सारखं हलवत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजून चकचकीत झाला की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या, कारण गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही.

आम्ही पोरं त्याच क्षणाची वाट बघत बसायचो. पहिल्या घाण्याचा चीक आमचा. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-तिखट घालून. जीभ भाजायची, तरी दम निघायचा नाही. उडदाचे पापड असले की तेलात बुडवलेल्या लाट्या पळवायच्या. त्या बदल्यात आमचं काम एकच, गच्चीवर काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकलायचे. अर्धवट वाळलेल्या कुरडया आम्हीच जास्त खायचो, तो भाग वेगळा!

आळीतल्या बायका आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या काकूंकडे, परवा समोरच्या आजींकडे जमायच्या. कुणी कुणाला मजुरी देत नव्हतं. हाताला हात लागायचा, गप्पा व्हायच्या, सासवांच्या तक्रारी व्हायच्या, आणि दुपारपर्यंत खाटेवरचं जुनं पातळ पांढऱ्या कुरडयांनी भरून जायचं.

पुढे आम्ही व्यवसाय सुरू केला तेव्हा हीच आठवण मी लेबलवर छापली. आणि त्या सकाळी हीच आठवण मी माझ्या लेकीला नाकारली. आपला माल लोक घेतात तो त्यांच्या लहानपणीच्या चवीसाठी. ग्राहकाला लहानपण विकायचं आणि घरातल्या लहानपणाला नाही म्हणायचं, हा कसला धंदा?

आईची आठवण मात्र वेगळी निघाली

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ बसलो. म्हटलं, "आई, चुकलंच माझं. ते दिवस किती छान होते ना?"

आई हसली. म्हणाली, "तुला चिकाची वाटी आठवते. मला पाठीवरचं ऊन आठवतं."

मित्रांनो, या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मग ती बोलत गेली. पहाटे चारला उठून चूल पेटवायची. तो दांडा फिरवून खांदे भरून यायचे. सोऱ्या दाबून तळहाताला फोड यायचे. दुपारी सगळ्यांची जेवणं तिनेच करायची, कारण वाळवण आहे म्हणून घरच्या स्वयंपाकाला सुट्टी नव्हती. वडील संध्याकाळी आले की एक कुरडई तळून मागायचे आणि "छान झालीय" म्हणायचे. तेवढंच.

"मग तुला कधीच मजा यायची नाही का?" मी विचारलं.

"यायची की. सगळ्याजणी मिळून करायचो तेव्हा यायची. तुम्ही पोरं वाट्या घेऊन रांगेत बसायचात तेव्हा यायची. आता आम्ही दोघीच असतो, आणि खाली तुझा फोन वाजत असतो."

आपण "घरच्या जेवणाचा आनंद" म्हणतो तेव्हा त्या आनंदाची किंमत घरातल्या कुणीतरी दिलेली असते. बहुतेक वेळा बाईने. घरात प्रेम असतं म्हणून ती किंमत कुणी मागत नाही, आणि मागत नाही म्हणून आपण ती धरत नाही. व्यवसायात हीच सवय आपल्याला बुडवते. कशी ते बघू.

वही उघडली आणि घाम फुटला

मी त्या सीझनची वही काढली. आमचा हिशोब असा होता:

- विक्री: ४० किलो × ४०० रुपये = १६,००० रुपये
- गहू, दळण, गॅस, हिंग, पापडखार, पॅकिंग, लेबल: ५,५०० रुपये
- "नफा": १०,५०० रुपये

मी हा नफा मोठ्या अभिमानाने सांगत होतो. आता त्यात एक ओळ वाढवली. आई आणि सौ. दोघींनी २० दिवस, रोज प्रत्येकी चार तास काम केलं. म्हणजे १६० तास. बाहेरची बाई कामाला लावली असती तर आमच्या भागात तासाला ७५ रुपये तरी द्यावे लागले असते.

१६० × ७५ = १२,००० रुपये.

आता नफा किती? उणे १,५०० रुपये!

म्हणजे मी ज्याला नफा म्हणत होतो तो नफा नव्हताच. ती माझ्या आईची आणि बायकोची न दिलेली मजुरी होती. वर त्यांच्या मजुरीचे दीड हजार रुपये मी ग्राहकांना फुकट वाटले होते. आणि एवढं करून लेकीची चिकाची वाटी मी वाचवली. "वेस्टेज कमी करा" हे तुम्हाला मीच शिकवतो ना, ते मी असं वापरलं.

त्या वाटीचाही हिशोब करू. घरच्यांसाठी चार वाट्या चीक काढला तर साधारण पाव किलो कुरडई कमी होईल असं धरा. ४०० च्या भावाने १०० रुपये. पूर्ण सीझनमध्ये तीनदा काढला तर ३०० रुपये. सोळा हजारांच्या विक्रीत तीनशे! किलोमागे आठ रुपये भाव वाढवला असता तरी भरून निघाले असते. आठ रुपयांसाठी मी ती वाटी कठड्यावर ठेवायला लावली.

सात बायका आणि एक गच्ची

गच्ची म्हटलं की मला लिज्जत पापडाची गोष्ट आठवते. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं तयार झाली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग उभा राहिला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट आपण "८० रुपयांतून साम्राज्य" म्हणून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण तिथली रचना नीट बघा. मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून वाळवून आणायचे आणि लाटणीचे पैसे घ्यायचे. काम घरातलंच, हातही घरातलेच, पण लाटणीला दर आहे. आणि काम करणारी प्रत्येक बहीण त्या संस्थेची मालक आहे. "घरचंच आहे, पैसे कसले?" हा प्रश्नच तिथे शिल्लक ठेवलेला नाही.

आमच्या आळीत मजुरी नव्हती, पण परतफेड होती. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. लिज्जतमध्ये दर आहे आणि मालकी आहे. माझ्या व्यवसायात यातलं काहीच नव्हतं. होतं फक्त "आईच्या हातची" हे लेबल.

आम्ही घरात चार गोष्टी बदलल्या

१. कष्टाची मजुरी आधी, नफा नंतर.
आता वहीत दोघींचे तास लिहिले जातात आणि पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातात. घरखर्चाच्या खात्यात नाही. खर्च ५,५०० अधिक मजुरी १२,००० म्हणजे १७,५००. भागिले ४० किलो, म्हणजे किलोला ४३७ रुपये ५० पैसे ही नुसती लागत. त्यावर साधारण १९ टक्के धरून आम्ही भाव ५२० केला. काही ग्राहक गेले, खोटं कशाला सांगू. या वर्षी ४० ऐवजी ३० किलोंचीच ऑर्डर आली. पण या ३० किलोंत मजुरी देऊन पैसे उरले, आणि दोघींचे पाच दिवसही वाचले.

२. घरचा वाटा कॉस्टिंगमध्येच.
पहिल्या घाण्यातला थोडा चीक घरच्यांचा. हे आता दया म्हणून किंवा उरलंसुरलं म्हणून नाही. वहीत "घरचा वाटा" अशी ओळच आहे. तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय असेल तर स्वतःला विचारा, मागच्या दिवाळीत तुमच्या घरच्या डब्यात कोणती चकली होती? चांगली पाकिटात आणि तुटलेली घरात, असं असेल तर आजच ही ओळ वाढवा.

३. अंगमेहनतीचं काम वाटून.
सोऱ्या दाबायला ताकद लागते. आईच्या फोडांची गोष्ट ऐकल्यावर ते काम मी घेतलं. पहिल्या दिवशी माझ्या कुरडया बघून दोघी पोट धरून हसल्या. कुरडई कसली, घरटंच होतं ते! चौथ्या दिवशी गोल यायला लागली. आई आता खुर्चीवर बसून चीक शिजला की नाही ते सांगते. तिला तीस वर्षांनी हे काम बसून बघायला मिळालं.

४. आईची कृती वहीत, वजनासकट.
हे काम लेकीला दिलं. आजी म्हणायची "अंदाजाने मीठ", नात म्हणायची "थांब आजी, आधी वजन करू दे". अंदाज किती ग्रॅमचा आहे ते तिने काट्यावर मोजून लिहून घेतलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, त्यामागे नेमक्या प्रमाणांचा मोठा वाटा आहे. नव्याने संसार मांडलेल्या मुलीलाही वाटी-चमच्याने मोजून करता येईल अशा त्या कृती. आपल्या व्यवसायातही तेच हवं. प्रत्येक घाणा सारखा आला तरच ग्राहक परत येतो.

पण वही लिहिताना एक वेगळीच गोष्ट घडली. मीठ मोजता मोजता आजी तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायला लागली. तिची आई कशी कुरडई करायची, कोणत्या भावाने चिकाचं अख्खं पातेलं उपडं केलं होतं आणि कुणी मार खाल्ला होता. हे सगळं मीही पहिल्यांदाच ऐकलं. लेकीने कृतीच्या खाली तेही लिहून ठेवलं. आमच्या व्यवसायाचं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र आज कुठलं असेल तर ती वही.

"आईच्या हातची" हे लिहिण्याआधी

घरगुती पदार्थांचा व्यवसाय करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. लेबलवर "आजीची चव", "आईच्या हातचं" असं लिहिताना ते खरं असू द्या. मशीनवर केलं असेल तर मशीनवर केलंय असं सांगा, त्यात कमीपणा काही नाही. बाहेरून करून घेतलं असेल तर आईचं नाव नको. आणि घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. आठवणीवर विश्वास ठेवून लोक आपला माल पोटात घालतात, त्या विश्वासाला धक्का लागता कामा नये.

आणखी एक. सगळ्यांचं बालपण गोड नसतं. कुणाच्या घरात वाळवण सोडा, दोन वेळचं जेवणही धड नव्हतं. कुणाला आई लवकर सोडून गेली. मला कमेंटमध्ये अनेकजण लिहितात, "सर, आमच्याकडे सांगण्यासारख्या आठवणी नाहीत." त्यांना मी एवढंच म्हणेन, तुमच्या घरात आज जे लहान मूल आहे, त्याची आठवण अजून तयार होतेय. ती तुमच्या हातात आहे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, एक गरम वाटी आणि "ये, बस इथे" एवढं पुरतं.

आपण उद्योजक होतो कशासाठी? "घरच्यांसाठी करतोय" हे उत्तर आपण सगळेच देतो. मग घरच्यांना त्यातलं काय मिळतं, हे वर्षातून एकदा तरी वहीत तपासायला हवं. ज्या स्वयंपाकघरातून धंदा निघाला ते स्वयंपाकघरच रुसलं, तर पुढच्या वर्षी विकायला चव कुठून आणणार?

या आठवड्याचा गृहपाठ

नेहमीप्रमाणे गृहपाठ आहेच! वही-पेन घ्या.

- तुमच्या व्यवसायात घरातले कोण कोण हात लावतात? प्रत्येकाचे आठवड्याचे तास लिहा.
- त्या तासांना तुमच्या भागातल्या दराने गुणा. मग नफा परत काढा. आकडा उणे आला तर घाबरू नका, भाव बदला.
- "घरचा वाटा" ही ओळ कॉस्टिंगमध्ये घाला.
- घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीजवळ बसून एक कृती वजनासकट लिहून घ्या. शक्यतो घरातल्या लहान मुलाकडून लिहून घ्या.
- आणि तिला किंवा त्याला विचारा, "त्या दिवसांतलं तुला काय आठवतं?" उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

या वर्षीच्या पहिल्या घाण्याला लेक पुन्हा वाटी घेऊन गच्चीवर आली. या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसती आजीशेजारी बसली. आजीने पळीभर चीक घातला, वरून दूध आणि साखर. लेकीने पहिला घास फुंकर मारून आजीलाच भरवला. आई म्हणाली, "अगं, तीस-चाळीस वर्षं करतेय मी हे, पण पहिला चीक मला कुणी दिला नव्हता."

मी सोऱ्या दाबत होतो. खाली फोन वाजत होता. वाजू दिला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. व्यवसाय करा, मोठे व्हा, पण पहिली वाटी घरी द्या.